आधी चालू द्या, मग नवं आणा

मैत्रिणींनो, मोबाईलच्या अपडेटवर बोलायला मी तज्ज्ञ नाही. पण हा प्रश्न एकट्या तज्ज्ञांचा नव्हेच.

मार्च २०२१ मध्ये अंगणवाडीच्या नोंदींसाठी ‘पोषण ट्रॅकर’ आला. त्याच ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले. फोन २ जीबी रॅमचे, अ‍ॅप इंग्रजीत, दुरुस्तीचा भुर्दंड मानधनातून. मागणी साधी होती : चालणारा फोन द्या, मराठी द्या.

पुढे १ जुलै २०२५ पासून घरपोच आहार नेणारीचा चेहरा फोनवर जुळवणं सक्तीचं झालं. म्हणे नवी सोय! सोय कोणाची? रेंज नाही, ओटीपी नवऱ्याच्या मोबाईलवर, नवरा कामावर. मग पाकीट हातात असून सेविकेनं ‘थांब गं’ म्हणायचं, आणि बोलणी तिनंच खायची.

गळती थांबावी, हे मलाही मान्य आहे. पण जे अ‍ॅप अडलं की पोराचा आहार अडतो, त्यात नवं काही घालण्याआधी ते जुन्या फोनवर, पाड्यावर, सेविकेच्या हातून चालवून पाहा. आणि नाहीच चाललं, तर वहीत सही घेऊन आहार देण्याची लेखी मुभा हवी. आपल्या निवेदनात हे शेवटचं कलम राहून गेलंय. ते आज घालूया.