स्टँडवरची लुना

गेल्या पावसाळ्याआधी आमच्या श्रीगोंद्याच्या घराची मागची पडवी उतरवायचं ठरलं. पडवीत अब्बांची लुना होती. अब्बा 2009 साली गेले, तेव्हापासून ती तिथंच, पोत्याखाली. तिच्या सीटवर कोंबड्या बसायच्या. धाकट्या भावानं भंगारवाल्याला सांगून ठेवलंय, हे मला तिऱ्हाइताकडून कळलं. वाटणीवरून आम्हा दोघांत दोन वर्षं बोलणं नव्हतं.

तरुण श्रोत्यांसाठी सांगतो, लुना म्हणजे धड सायकल नाही, धड मोटारसायकल नाही. 50 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, गिअर नाही, पेडल मारून सुरू करायची. 1972 साली ती आली, आमच्याच जिल्ह्याच्या गावी, तेव्हाच्या अहमदनगरला तयार झालेली. आम्ही मनियार. अब्बा बाजारोबाजार बांगड्या विकायचे. काष्टी, मांडवगण, घोगरगाव. 1983 साली लुना आली आणि सायकल सुटली. मागं बांगड्यांची पेटी, पेटीभोवती गोधडी. खड्डा दिसला की अब्बा दोन्ही पाय खाली सोडून गाडी अलगद उतरवायचे. चढाला पेडल मारावंच लागे. घरी आल्यावर अम्मीला आधी फुटलेल्या बांगड्यांचा आकडा सांगायचे, मग विक्रीचा.

गॅरेजवाला म्हणाला, "कविराज, मजुरीच गाडीच्या किमतीवर जाईल." मग मीच पाना घेतला. बी.ए.ला हा विषय नव्हता, पण लहानपणी अब्बांच्या शेजारी उकिडवं बसून बरंच पाहिलं होतं.

पहिल्यांदा प्लग काढून भोकात ऑइलचे चार थेंब सोडले आणि रात्रभर तशीच ठेवली. इतक्या वर्षांनी पिस्टन धरून बसतो. जोर केला तर रिंग तुटते. सकाळी पेडल हळूच दाबलं, तर फिरलं. टाकीत रॉकेल आणि मूठभर बारीक नट घालून हलवली, विटकरी पाणी निघालं. ते तीनदा केलं. खरी गोम कार्बोरेटरमध्ये होती. लुनाला पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं, अब्बांचं माप लिटरला 40 मिली. पेट्रोल उडून गेलं, ऑइल मागं राहून डिंकासारखं वाळलं आणि जेट बुजला. जेटमध्ये तार घालायची नाही, भोक मोठं होतं. ब्रशचा एक नायलॉनचा केस पुरतो. सायलेन्सरमधून ओंजळभर काजळी निघाली. रबरी नळी नवीन टाकली. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, जुन्या रबराला ते सोसत नाही.

एवढं करूनही गाडी ढिम्म. आता करंट बघायचा, म्हणजे प्लग इंजिनाला टेकवून धरायचा आणि पेडल मारायचं. हे एकट्याला जमत नाही. मी वाकडातिकडा होऊन बघत होतो, तेवढ्यात भाऊ भंगारवाल्याला घेऊन आला. थोडा वेळ दारात उभा राहिला. मग म्हणाला, "पॉइंट घासले?"

घासले नव्हते. लहानपणी ते त्याचंच काम होतं, कारण त्याची बोटं बारीक. मॅग्नेटच्या खिडकीतून पॉलिश पेपरची पट्टी सरकवायची आणि पॉइंटमधली फट अर्ध्या मिलिमीटरच्याही आत ठेवायची. आता त्याचीही बोटं जाडजूड झालीत. मला तो काही बोलला नाही, मीही नाही. त्यानं पॉइंट घासले, फट जुळवली आणि प्लग धरून बसला. मी पेडलवर. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा तो ओरडला, "भाई, करंट है!"

प्लग बसवला. दहाबारा पेडलांनंतर ती खोकली, बंद पडली, पुन्हा खोकली आणि निळ्या धुरात धरून राहिली. मागचं चाक स्टँडवर हवेत फिरत होतं. अम्मी काठी टेकत दारात आली. आम्हाला वाटलं, आता रडेल. ती म्हणाली, "बंद करो. पेट्रोल फुकट जलता है."

भंगारवाल्याला पडवीचे पत्रे देऊन वाटेला लावलं.

गाडी सुरू झाली खरी, पण रस्त्यावर काढता येत नाही. नोंदणीची पंधरा वर्षं केव्हाच उलटलीत आणि पुस्तक अजून अब्बांच्या नावावर. ते बदलायचं तर बाकीच्या वारसांची संमती लागते. कागद तयार केलेत. अम्मीचा अंगठा झालाय. गाडी कुणाच्या नावावर करायची ती जागा मी कोरी ठेवलीय. भाऊ रविवारी येतो म्हणालाय.