धर्म, लोकजीवन आणि सत्यशोधन
(ज्युबिलीनिमित्त खर्डे येथे केलेले भाषण)



आजच्या मंगल दिनी देवाचे उपकार मानावयास आपण येथे जमलो आहो. अशा प्रसंगी गतकाळाची स्तुती करण्याचा प्रघात आहे. परंतु पवित्र शास्त्रातील ज्युबिलीचे वर्ष केवळ उत्सवाचे नव्हते. त्या वर्षी हातची गेलेली जमीन मूळ धन्यास परत मिळे व दास मुक्त होई. ते हिशेब चुकते करण्याचे वर्ष होते. म्हणून आज मी एक निराळाच प्रश्न आपणांपुढे मांडतो. धर्म आणि लोकजीवन यांचा अभ्यास करणाऱ्या विद्यापीठीय संशोधनसंस्थांशी आपणां ग्रामवासी ख्रिस्ती जनांचा संबंध तो काय?

आपल्या गावापासूनच आरंभ करू. ११ मार्च १७९५ रोजी येथे मराठे व निजाम यांची लढाई झाली आणि निजामअलीस येथील किल्ल्याचा आश्रय घ्यावा लागला, हे आपल्या लहान मुलांसही ठाऊक आहे. ही दोन धर्मांची लढाई होती असे पुष्कळ वेळा सांगण्यात येते. परंतु इतिहास पाहू जाता तंट्याचे मूळ थकलेल्या चौथाई-सरदेशमुखीत सापडते. निजामाच्या कवायती पायदळाचा सेनानायक रेमाँ हा फ्रेंच, आणि शिंद्यांच्या पलटणींचा नायक पेराँ हाही फ्रेंचच! धर्मावरून दोन तट पाडणाऱ्याने या दोघांस कोठे बसवावे? ऐकीव गोष्ट शेजाऱ्याशेजाऱ्यांत वैर पेरते, कागद तपासणारा अभ्यासक ते उपटून टाकतो. त्याचा आपणांवर हा पहिला उपकार होय.

दुसरा उपकार अधिक कठीण आहे. पुण्याचे डेक्कन कॉलेज १९३९ साली संशोधनसंस्था म्हणून नव्याने सुरू झाले व १९९० साली त्यास अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तेथील विदुषी इरावती कर्वे पालखीबरोबर पंढरीस पायी गेल्या. वारीवर त्यांचे अपार प्रेम होते. तरीही एकच नाम गाणाऱ्या दिंडीत ब्राह्मण व मराठे यांच्या पंगती वेगळ्या बसतात, हे पाहून त्यांचे मन विषण्ण झाले आणि त्यांनी ते लिहून ठेविले. येशूसंघाचे फ्रेंच धर्मगुरू फादर देल्युरी यांचा विठोबाच्या भक्तिसंप्रदायावरील ग्रंथ याच संस्थेने १९६० साली प्रसिद्ध केला. दुसऱ्याच्या भक्तीपुढे पादत्राणे काढून उभे राहावे, पण डोळे मिटू नयेत, हा धडा मला अशा अभ्यासकांपासून मिळाला.

आता हेच डोळे आपणांकडे वळले तर?

काही वर्षांपूर्वी एक तरुण संशोधक मजकडे आला. आपल्या धर्मग्रामाच्या जुन्या वह्या पाहावयास मिळतील काय, असे त्याने नम्रपणे विचारले. माझे मन कचरले. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेविल्या. पुढे त्या १९५६ साली शिखांस व १९९० साली बौद्धांस मिळाल्या, ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. म्हणून देवळातील स्नानसंस्काराच्या वहीत एक धर्म आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरा, अशी कित्येक गरीब घरांची स्थिती आहे. मुलाच्या शिक्षणासाठी असे करणाऱ्या बापास दोष देण्यास माझी जीभ धजत नाही. त्याला या पेचात घालणाऱ्या व्यवस्थेचा अभ्यास अवश्य व्हावा, परंतु त्या पायी कोणाचे नाव बाहेर पडू नये. ती वही मी उघडली नाही. लग्नाची वही पुढे केली, तीही नावे न उतरता केवळ संख्या मोजण्याच्या अटीवर.

त्याने एकच प्रश्न विचारला, "फादर, पूर्वजांच्या जाती निराळ्या होत्या अशी जोडपी यात किती?"

आम्ही दोघे पाने उलटीत बसलो. गावची घराणी मला ठाऊक, म्हणून सांगणारा मी आणि मोजणारा तो. मोजणी एका हाताच्या बोटांवर संपली. आदेश सरकारचा होता, परंतु ही वही आमची होती. तीत कोणत्याही सरकारने काही लिहिले नव्हते. एकाच वेदीवरून एकच भाकर घेणारे आपण सोयरीक ठरविताना मात्र पूर्वीचीच वेस राखतो, हे त्या परक्या मुलाने मला घटकाभरात दाखविले. इतकी वर्षे त्याच वहीत मी स्वहस्ते नोंदी करीत आलो, आणि मला ते दिसले नव्हते!

बंधुभगिनींनो, अभ्यासकास भिऊ नका. दुर्बळाचे नाव झाका, पण स्वतःचा दोष झाकू नका. पुढील ज्युबिलीच्या वेळी कोणी ती वही मागेल, तेव्हा माझ्या जागी बसलेल्या धर्मगुरूस मान खाली घालावी लागू नये, एवढेच मागणे प्रभुचरणी ठेवून मी आपली रजा घेतो.