पाण्याखाली 'ठीक आहे' म्हणताना

 

मी बोलतोय संयुक्त अरब अमिरातीतून, शारजातल्या हमरिया फ्री झोनमधून. आखातात राहणारे लोक म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर दुबईच्या उंच इमारती येत असतील. आमच्या हमरियात तसलं काही नाही. इथे पोलादाचे कारखाने आहेत, तेलाच्या टाक्या आहेत, गोदामं आहेत आणि एक मोठं बंदर आहे. या गोदामांचा आणि हिशेबांचा कारभार संगणकावर आणून देणं हे माझं काम. एमबीए झालोय, वीस वर्षं हेच करतोय. नवी प्रणाली सुरू करण्याआधी कुठे काय बिघडू शकेल याची यादी करायची, आणि यादीतली एकही गोष्ट झाकायची नाही, असं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावून सांगतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढच्या गोष्टीत हाच माणूस दोनदा खोटं बोलायला निघाला होता.

गोष्ट २०२४ च्या दिवाळीची. त्या वर्षी लक्ष्मीपूजन शुक्रवारी १ नोव्हेंबरला, पाडवा शनिवारी आणि भाऊबीज रविवारी आली. शारजाच्या सरकारी कचेऱ्यांना २०२२ पासून शुक्रवार ते रविवार अशी तीन दिवस सुट्टी असते. आमच्या कंपनीनंही तो शुक्रवार दिला. म्हणजे दिवाळी आणि सुट्टी बरोबर एकावर एक. मुलगा शिकायला पुण्यात. घरी आम्ही दोघंच. बायको म्हणाली, "दरवर्षी फराळ करायचा आणि शेजारी वाटायचा, तेवढीच दिवाळी होते. या वेळी स्कूबा शिकू या का?"

मी मूळचा कराडचा. पाठीला पत्र्याचा डबा बांधून कृष्णेत पोहायला शिकलेला. त्यामुळे पाण्याची भीती मला नाही, असं मी लगेच जाहीर करून टाकलं. बायको पोहायला शिकली ती इथे आल्यावर, पस्तिशी ओलांडल्यानंतर. तेव्हा सांभाळायचं कोणी कोणाला, हे माझ्या मनात आधीच ठरलेलं होतं.

ऑक्टोबरमध्ये वर्ग सुरू झाले. पहिल्याच दिवशी हातात आला एक फॉर्म, तब्येतीची माहिती देणारा. त्यात विचारतात, वय पंचेचाळीसच्या वर आहे का? असेल तर पुढे धूम्रपान, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, घरात कोणाला हृदयविकार होता का, असे प्रश्न. त्यातल्या एकाला जरी 'हो' म्हटलं, तरी डॉक्टरची सही आणल्याशिवाय पाण्यात उतरता येत नाही. माझं वय तेव्हा सेहेचाळीस. दोन वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू. मी मनात म्हटलं, रोज गोळी घेतो, दाब ताब्यात आहे, म्हणजे दाब नाहीच. पेन 'नाही'च्या चौकटीवर नेलं. बायकोनं ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि 'हो'वर खूण केली. बोलली काहीच नाही.

मला राग आला. डॉक्टर, ईसीजी, ट्रेडमिलची तपासणी, या सगळ्यात दोन आठवडे आणि बरेच दिरहम गेले. शेवटी सही मिळाली. पण नंतर वर्गात कारण समजलं तेव्हा राग उतरला. पाण्याखाली होणाऱ्या मृत्यूंमागे शार्क मासा जवळजवळ कधीच नसतो. बऱ्याचदा आपलं हृदय असतं. गार पाणी, अंगावरचं ओझं, पोहण्याचा ताण आणि थोडी घाबरगुंडी, हे सगळं एकदम आलं की जमिनीवर गप्प असलेला आजार तिथे तोंड वर काढतो.

वर्गात आणखी काही गैरसमज गेले. पाठीवरच्या टाकीला आपण सरसकट 'ऑक्सिजनचा सिलिंडर' म्हणतो. त्यात असते साधी हवाच, तुम्ही-आम्ही आत्ता श्वासात घेतोय तीच, फक्त दाबून भरलेली. दर दहा मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो. म्हणजे दहा मीटरवर आपल्यावरचा दाब दुप्पट होतो आणि फुग्यातली हवा निम्म्या जागेत मावते. वर येताना याच्या उलट. म्हणून पहिला नियम असा की श्वास कधीही रोखून धरायचा नाही. खालची भरलेली छाती तशीच वर आणली तर फुप्फुसाला इजा होते. आणि वर यायचं तेही सावकाश, मिनिटाला नऊ मीटरपेक्षा जास्त वेगानं नाही. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबून मगच डोकं बाहेर.

खुणांची भाषाही शिकावी लागते. माझी पंचाईत अंगठ्यानं केली. ऑफिसात दिवसातून पन्नास वेळा मी अंगठा वर करतो, म्हणजे 'छान, चालू द्या'. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे 'मला वर जायचंय'. पोहण्याच्या तलावात मी खुशीत येऊन अंगठा दाखवला आणि शिक्षकानं मला लगेच वर नेलं. असं दोनदा झालं. 'ठीक आहे' सांगायला अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा. काही अडचण असेल तर पंजा आडवा धरून हलवायचा आणि जिथे दुखतंय तिकडे बोट दाखवायचं. दोनच खुणा, पण पुढची सगळी गोष्ट त्यांच्यावर फिरली.

शिक्षकानं विचारलं, परतीचं विमान कधी? आमचा बेत होता रविवारी दुपारी शेवटची बुडी आणि रात्रीच्या विमानानं मुंबई, म्हणजे एक दिवस उशिरा का होईना, बायकोची भाऊबीज पुण्यात झाली असती. शिक्षक म्हणाला, अजिबात नाही. दाबाखाली श्वास घेताना नायट्रोजन शरीरात विरघळतो आणि तो हळूहळूच बाहेर पडतो. विमानात हवेचा दाब कमी. तिथे त्याचे बुडबुडे होऊ शकतात, जसे सोड्याच्या बाटलीचं झाकण काढल्यावर होतात. एकच साधी बुडी असेल तर निदान बारा तास, जास्त बुड्या असतील तर अठरा तास विमान नको. तिकीट सोमवारी रात्रीचं करून घेतलं.

शुक्रवारी संध्याकाळी घरी लक्ष्मीपूजन केलं. शनिवारी पहाटे अभ्यंगस्नान, मग पाडव्याचं ओवाळणं. ताटात मी तिला पाण्यात घालायचा नवा मास्क ओवाळणी म्हणून टाकला. ती खूप हसली. मग डब्यात चकल्या घेतल्या आणि निघालो.

हमरियाचा समुद्र म्हणजे आखात, उथळ आणि जहाजांनी गजबजलेलं. स्कूबासाठी लोक जातात पूर्वेच्या किनाऱ्यावर. शारजा ते खोर फक्कान हा रस्ता २०१९ मध्ये झाला. हजर पर्वताच्या पोटातून पाच बोगदे काढलेत. शेवटच्या बोगद्यातून बाहेर पडलं की थोड्या वेळात निळा समुद्र दिसतो. हे ओमानचं आखात, म्हणजे अरबी समुद्राचाच एक हात. बायको म्हणाली, "सरळ आग्नेयेला पोहत गेलो तर मालवण लागेल." तिथून उत्तरेला अल अक्का नावाच्या गावासमोर एक खडकाळ बेट आहे. कार्टूनमधला स्नूपी कुत्रा पाठीवर झोपल्यासारखं दिसतं, म्हणून त्याला सगळे स्नूपी बेटच म्हणतात. पाणी फार खोल नाही. समुद्री कासवं, रंगीत मासे, लहानसे काळ्या टोकाच्या पंखांचे शार्क. नवशिक्यांना अगदी योग्य.

आता माझं दुसरं खोटं. गुरुवारपासूनच मला थोडी सर्दी होती. नाक चोंदलेलं. 'सर्दी असेल तर पाण्यात उतरायचं नाही' हे वर्गात दहादा सांगितलेलं. किनाऱ्यावर शिक्षकानं विचारलं, सगळे बरे आहेत ना? मी गोल करून दाखवला. डॉक्टरची सही आणली, सुट्टी काढली, तिकिटं बदलली, आता नाक चोंदलंय म्हणून किनाऱ्यावर बसायचं?

खाली उतरताना दर मीटरला नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, म्हणजे कानाच्या आत हवा जाऊन दाब सारखा होतो. माझा डावा कान काही केल्या उघडेना. दोन मीटरवर दडा बसला. तीन मीटरवर दुखायला लागलं. चार मीटरवर कोणी सुई खुपसावी तसं झालं. बायको माझ्याकडे वळली आणि तिनं गोल करून विचारलं, ठीक? मी उलट गोल करून सांगितलं, ठीक.

तिनं ते मानलं नाही. माझ्या मास्कच्या अगदी जवळ येऊन तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा गोल केला. मग तिनं माझा हात धरला, शिक्षकाला पंजा हलवून दाखवला, स्वतःच्या कानाकडे आणि मग माझ्याकडे बोट केलं, आणि अंगठा वर केला. आम्ही हळूहळू वर आलो. मास्क काढला तर आत नाकातून थोडं रक्त आलेलं. कानाच्या पडद्याला सूज आली होती, फाटला नव्हता एवढंच. डॉक्टर नंतर म्हणाले, आणखी दोन मीटर गेला असतात तर पडदा गेला असता. पडदा फाटून गार पाणी आत शिरलं की चक्कर येते, वर कुठे आणि खाली कुठे ते कळत नाही. तशात माणूस घाबरून सरळ वर पळतो, तेही श्वास रोखून. त्यापुढचं सांगायला नको.

किनाऱ्यावर बायको बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "घरी तू 'काही नाही, बरा आहे' म्हणतोस, ते मी चालवून घेते. तिथे खाली माझ्याकडे तेवढी एकच खूण आहे. तीच तू खोटी केलीस, तर मी कशावर विश्वास ठेवायचा?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

रविवारी तिनं उरलेल्या बुड्या दुसऱ्या एका जोडीदाराबरोबर पुऱ्या केल्या. मी वाळूत बसून चकल्या खाल्ल्या. विमान मुंबईत उतरताना त्याच कानानं मला पुन्हा चांगलाच हिसका दिला.

त्या वेळी मला आठवलं ते शारजाच्या सागरी संग्रहालयात पाहिलेलं मोती काढणाऱ्यांचं सामान. तेल सापडण्याआधी या किनाऱ्याची पोटं मोत्यांवर भरत. ते मोती विकायला यायचे आपल्या मुंबईत. इथे भारतीय रुपया चालायचा, तो अगदी १९६० च्या दशकापर्यंत. पाणबुड्याकडे टाकी नव्हती. नाकाला चिमटा, गळ्यात टोपली, पायाला दगड आणि कमरेला दोर. दोराचं दुसरं टोक होडीवरच्या माणसाच्या हातात. त्याला म्हणत 'सैब'. खालून हिसका आला की त्यानं क्षणभरही न थांबता ओढायचं. पाणबुड्याचा जीव त्या हिसक्यावर. १९३० च्या सुमारास जपानी संवर्धित मोती आणि जागतिक मंदी यांनी तो धंदा बुडवला. दोर गेला, पण रीत तीच राहिली. आज स्कूबात जोडीदार असतो, आणि दोराच्या जागी ती बोटांची खूण.

डिसेंबरच्या सुरुवातीला इथे राष्ट्रीय दिनाची सुट्टी असते. डॉक्टरांना कान दाखवून आम्ही पुन्हा गेलो. तीन मीटरवर कान दडला. या वेळी मी लगेच पंजा हलवला. ती थांबली. आम्ही मीटरभर वर आलो, मी नाक धरून हलकेच फुंकलं, टक्कन कान उघडला. मग उतरलो. त्या दिवशी एक कासव आमच्या समोरून निवांत चरत गेलं. ते पाहायला फक्त अर्धं मिनिट थांबावं लागलं होतं.

श्रोतेहो, तुमच्यापैकी पुष्कळजण या सुट्टीत मालवण, तारकर्लीला जाल. तिथे प्रशिक्षक तुम्हाला धरूनच खाली नेतो, त्यामुळे घाबरण्याचं कारण नाही. तरी चार गोष्टी लक्षात ठेवा. तब्येतीचा फॉर्म मागून घ्या आणि खरा भरा. दमा, रक्तदाब, हृदय, फिट, कानाचं ऑपरेशन, काहीही असेल तर आधी डॉक्टर. सर्दी असेल तर किनाऱ्यावर बसा, सोलकढी प्या. कान दुखला की लगेच खूण करा, सहन करू नका. आणि दिवसात दोन-तीन बुड्या झाल्या असतील तर त्याच संध्याकाळी आंबोली किंवा फोंडा घाट चढून परत निघू नका. घाटमाथ्यावरही हवेचा दाब कमी असतो, आंबोली तर जवळपास सातशे मीटर उंच आहे. ती रात्र मालवणातच काढा. आणखी एक, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथल्या प्रवाळाला हात लावू नका, त्यावर उभे राहू नका.

आणि जोडीनं जाणार असाल तर पाण्यात उतरण्याआधी एकमेकांना एवढंच विचारा, बरं वाटतंय ना, खरं सांग. आमच्या घरात आता हा प्रश्न जमिनीवरही विचारला जातो. उत्तर द्यायला मला अजून वेळ लागतो. पण ती थांबते.