सिमकार्ड आणि ठावठिकाणा



ब्रह्माघाट-दुर्गाघाटाच्या गल्ल्यांत आपली मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. त्यांतील कित्येकांची मुले आता दूरदेशी असतात आणि वृद्ध मातापिता येथे. ‘आईजवळ फोन आहे, सिमवरून ठिकाण कळेलच,’ या भरवशावर मुले निर्धास्त असतात. हा भरवसा कितपत धरावा, एवढेच आज सांगावयाचे आहे.

सिमकार्डाला स्वतःचे ठिकाण ठाऊक नसते. त्यात ग्राहकाची ओळख पटविणारा क्रमांक असतो. भारतात त्याचा आरंभ ४०४ किंवा ४०५ या अंकांनी होतो. फोन सुरू होताच त्या ओळखीने जाळ्यात नोंद होते, पण ती विभागाची, आणि एका विभागात अनेक मनोरे. कोणी फोन लावला की त्या विभागातील मनोरे पुकारा करतात. आपला फोन ओ देतो तेव्हा नेमका मनोरा कळतो. मनोऱ्यावरील अँटेना बहुधा तीन दिशांना तोंड करून असतात, म्हणून दिशाही अदमासे समजते. अंतर काढावयाचे ते लहरींना लागणाऱ्या वेळावरून. लहर सेकंदाच्या दशलक्षांशात सुमारे ३०० मीटर धावते; जुन्या जीएसएम पद्धतीत हे अंतर सुमारे ५५० मीटरांच्या टप्प्यांनीच मोजता येते. तीन मनोऱ्यांपासूनची अंतरे मिळाली तर भूमितीच्या आधारे जागा अधिक आवळता येते.

हे गणित निघाले की बापूदेव शास्त्री आठवतात. १८२१ साली जन्मलेल्या या पंडिताने काशीच्या संस्कृत महाविद्यालयात अध्यापन केले, त्रिकोणमितीवर ग्रंथ लिहिला. त्यांच्या ताऱ्यांना निदान मोकळे आकाश होते! आपल्या गल्लीत भिंतींवर आपटून वळसा घेत आलेली लहर अंतर वाढवून सांगते; घाटावर तर पैलतीरावरचा मनोराही फोन पकडू शकतो.

सारांश, जाळे मोहल्ला सांगेल. दार सांगेलच असे नाही. फोनमधील उपग्रहयंत्रणा अधिक नेमकी खरी, पण तिलाही आकाश दिसावे लागते. फोन बंद पडला तर उरते केवळ शेवटची नोंद, आणि ती कंपनीकडून मागण्याचा रीतसर मार्ग पोलिसांचा. म्हणून माणूस चुकल्याचे ध्यानी येताच ११२ ला कळवावे. शेवटचे बोलणे किती वाजता झाले, तेही सांगावे. वडीलधाऱ्यांच्या खिशात घराचा पत्ता आणि शेजाऱ्याचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. ती हिंदीत लिहावी. वाचणारा बहुधा रिक्षावाला किंवा नावाडी असेल.