चिखलातलं चाक आणि नवले पुलाचा उतार



मागच्या पावसाळ्यात रानभाज्या आणायला आम्ही पाच जणी भाड्याचा पिकअप घेऊन वेल्ह्याच्या बाजूला गेलो होतो. जाताना गाडी रिकामीच होती. डांबरी रस्ता सोडून शेताच्या वाटेला लागलो आणि थोड्याच अंतरावर मागचं डावं चाक चिखलात बसलं. ड्रायव्हरदादांनी ॲक्सिलेटर दाबला, तसं ते चाक जागच्या जागी गरागरा फिरायला लागलं. कोरड्यावरचं उजवं चाक मात्र ढिम्म. आम्ही मागून ढकलत होतो. तेवढ्यात चाकाखालचा दगड उडाला आणि आमच्यातल्या एकीच्या नडगीला लागला. तीन टाके पडले.

पुढच्या बैठकीत एकच विषय. आता गटाची स्वतःची गाडी घ्यायची आणि तीही फोर बाय फोर! कर्जाचे कागद जमवायलाही सुरुवात झाली. पण ज्याचा हप्ता आपण भरणार, ते आधी समजून तर घेऊ, म्हणून आम्ही धायरीतल्या एका गॅरेजात गेलो.

पहिला प्रश्न हाच विचारला, की कोरड्यावरचं चाक का फिरलं नाही? मिस्त्रींनी सांगितलं, की मालवाहू पिकअपमध्ये सहसा इंजिनाचा जोर फक्त मागच्या दोन चाकांना जातो. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शियल असतं. ते तराजूच्या दांडीसारखं दोन्हीकडे सारखाच जोर देतं. पण एक चाक चिखलात असलं, की तिथे जोर द्यायला काही आधारच नसतो. मग दुसऱ्यालाही तेवढाच, म्हणजे जवळजवळ काहीच मिळत नाही. त्यात गाडी रिकामी असली की मागचा भाग हलका, म्हणून चाक लवकर घसरतं.

ट्रॅक्शन कंट्रोल इथेच कामाला येतं. प्रत्येक चाकाजवळचा सेन्सर त्याचा वेग मोजतो. एखादं चाक उगाच जोरात फिरायला लागलं, की यंत्रणा फक्त त्याच चाकाला ब्रेक लावते आणि गरज पडली तर इंजिनाचा जोरही कमी करते. अडवलेल्या चाकाला आधार मिळाला, की दुसऱ्या चाकालाही जोर मिळतो. अशा वेळी समोर घसरत्या गाडीचं चित्र लुकलुकतं. घाबरायचं नाही, यंत्रणा काम करते आहे. चित्र कायम पेटून राहिलं, तर ती बंद केलेली आहे किंवा बिघडली आहे. खोल चिखलात मात्र ही यंत्रणा इंजिनाचा जोर इतका कमी करते, की गाडी पुढे सरकतच नाही. तेवढ्यापुरतं बटण दाबून ती बंद करतात.

फोर बाय फोर म्हणजे जोर पुढच्या चाकांनाही देणं. आपल्याकडे हे नवं नाही. महिंद्रांनी 1947 पासून विलीज जीप जोडायला घेतल्या, त्यांतही गिअरशेजारी त्यासाठी आखूड दांडे असायचे. आजच्या अनेक गाड्यांत टू एच, फोर एच आणि फोर एल अशा खुणा असतात. टू एच नेहमीच्या रस्त्यासाठी, फोर एच चिखल-वाळूसाठी आणि फोर एल अगदी हळू, पण भरपूर ताकदीनं चढायला. मात्र बहुतेक पिकअपमध्ये कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर एच वापरायचं नसतं. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, पण आतून ती एकत्र जखडलेली असतात. त्यानं टायर घासतात आणि आतल्या भागांवर ताण येतो. शिवाय पुढचं एक आणि मागचं एक चाक घसरलं, तर फोर बाय फोरसुद्धा अडकू शकते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे या दोन्ही गोष्टी गाडी पुढे न्यायला मदत करतात, थांबवायला नाही. ब्रेक तर साध्या गाडीलाही चारही चाकांना असतात. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार आपण सगळ्या जाणतो. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये तिथे एका अवजड गाडीनं अनेक गाड्यांना धडक दिली होती. अशा उतारावर फोर बाय फोरचा भरवसा धरून चालत नाही. गाडी न्यूट्रल करायची नाही, आधीच खालचा गिअर टाकायचा, वेग कमी ठेवायचा आणि ब्रेक व टायर चांगले ठेवायचे.

मग आम्ही हिशोब मांडला. आमचा नेहमीचा रस्ता डांबरी. अडचण फक्त शेवटच्या अर्ध्या किलोमीटरची आणि तीही पावसाळ्यातली. तेवढ्यासाठी महाग गाडी, जादा हप्ता आणि जादा डिझेल कशाला? आम्ही शेतकरी ताईंशी बोललो. आता त्या भाजी बैलगाडीनं डांबरी रस्त्यापर्यंत आणून देतात, गाडीभाडं आम्ही देतो. कर्जाचे कागद परत फाइलीत ठेवले.

ज्यांचं गावच डोंगरात आहे, वाट वर्षभर कच्ची आहे, त्यांचा हिशोब वेगळा येईल. त्यांनी फोर बाय फोर जरूर घ्यावी. पण विकणाऱ्याच्या बोलण्यावर जाऊ नये, आपला रस्ता आणि आपला माल बघून ठरवावं.

आणि गाडी रुतलीच, तर ॲक्सिलेटर दाबत राहू नका, चाक आणखी खोल जातं. चाकापुढचा चिखल काढा, रिकामं पोतं किंवा फांद्या घट्ट दाबून ठेवा आणि हळू गाडी काढा. फिरत्या चाकाच्या मागे किंवा पुढे कोणीही उभं राहू नका. आम्ही उभ्या राहिलो होतो, म्हणून हे कळकळीनं सांगतो आहोत.