कॉफीचा पेला आणि किप्पुरचा उपवास

(एलुल महिन्यातील सभेत झालेले हे व्याख्यान ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतले आहे.)



कॉफीच्या पेल्यात असते तरी काय आणि ती आपल्याला काय करते, यावर दोन शब्द बोलावे अशी सूचना महिला मंडळाने केली, तेव्हा मी लगेच होकार दिला. मी डिप्लोमा घेतलेली परिचारिका आहे, रसायनशास्त्राची पंडिता नव्हे. तरी या विषयाशी माझा एक जुना हिशेब आहे. दरफाळणीचा सण तोंडावर आला असताना तो आपल्यासमोर मांडावा, असे मला वाटले.

१९९१ ते २००८ अशी सतरा वर्षे मी अबू धाबीजवळच्या मुसफ्फा येथे एका कंपनीच्या दवाखान्यात नोकरी केली. मुसफ्फा म्हणजे अबू धाबी शहराची औद्योगिक वसाहत. गॅरेज, लोखंडाची गोदामे, लाकडाच्या वखारी आणि कामगारांच्या राहण्याच्या बराकी, असा तिचा पसारा. तेथे मी तीन प्रकारचे पेले पाहिले. पहिला पेला कामगारांचा, म्हणजे करक चहाचा. हा चहा कॅफेटेरियात सकाळपासून रात्रीपर्यंत उकळत असे. त्यात डब्यातले आटवलेले दूध, सढळ हाताने साखर आणि वेलची घालत. दुसरा पेला अरबांचा, गहवा. दल्ला नावाच्या लांब चोचीच्या किटलीतून तो इवल्याशा फिंजानमध्ये ओततात. बिया अगदी हलक्या भाजलेल्या असल्यामुळे त्याचा रंग पिवळसर राहतो. वेलचीचा वास येतो, कधी केशराचाही येतो, साखर मात्र नसते. गोडीसाठी सोबत खजूर देतात. पुरे झाले असे सांगायचे असेल तर तोंडाने बोलायचे नाही, फिंजान हातात धरून हलवायचा. ही रीत मला पहिल्या दिवशी कोणीच सांगितली नाही, म्हणून मी ओशाळून एकामागून एक पेले पीत गेले. या गहव्याला २०१५ साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. अमिरातीच्या एक दिरहमच्या नाण्यावरही दल्ल्याचे चित्र आहे.

तिसरा पेला माझा स्वतःचा. इन्स्टंट कॉफीचे दोन भरलेले चमचे, उकळते पाणी, थोडे दूध आणि रात्रपाळी.

आता या पेल्यात असते काय? बहुतांश पाणीच असते, साध्या काळ्या कॉफीत तर शंभरांतले सुमारे अठ्ठ्याण्णव भाग पाणी. उरलेल्या दोन भागांत शेकडो द्रव्ये असतात. कॉफीची कच्ची बी हिरवट असते आणि तिला आपण ओळखतो तो वास मुळीच नसतो. भाजताना तिच्यातील शर्करा आणि प्रथिने एकमेकांशी संयोग पावतात, त्यातून तो तपकिरी रंग आणि सुगंध जन्माला येतो. कडवटपणा काही अंशी कॅफिनचा, पण पुष्कळसा भाजण्याचा असतो. म्हणून अधिक कडू कॉफी अधिक जोरदार असते, ही समजूत चुकीची आहे. आपल्याकडे कॉफीत चिकोरी मिसळतात. चिकोरी ही एका झाडाची भाजलेली मुळी असून तिच्यात कॅफिन अजिबात नसते. भारतीय नियमांप्रमाणे अशा मिश्रणात निम्म्याहून थोडी अधिक, म्हणजे किमान ५१ टक्के, कॉफी असावी लागते. पाकिटावर ते प्रमाण छापलेले असते, ते वाचावे.

कॅफिन १८१९ मध्ये रुंगे नावाच्या तरुण जर्मन रसायनशास्त्रज्ञाने वेगळे काढले. त्याला कॉफीच्या बिया महाकवी ग्योथेने दिल्या होत्या. परिचारिकेला कवीचे आभार मानण्याचे प्रसंग थोडे येतात, त्यांतला हा एक.

हे कॅफिन शरीरात शक्ती घालत नाही, ही गोष्ट मला सर्वांत आधी सांगायची आहे. दिवसभर आपण जागे असतो, तेव्हा मेंदूत अडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते. ते आपल्या ठरलेल्या जागी जाऊन बसले की मेंदूला थकव्याची जाणीव होते आणि झोप येऊ लागते. कॅफिनची घडण अडेनोसिनसारखीच असल्यामुळे ते त्या जागा अडवून बसते. पाहुणे दारात उभे आणि पाटांवर दुसराच कोणी, तसा प्रकार होतो. थकवा कोठेही गेलेला नसतो, तो फक्त बाहेर थांबलेला असतो. रोज कॉफी घेणाऱ्याचा मेंदूही हुशार असतो; तो आणखी पाट मांडतो. मग तेवढ्याच परिणामासाठी अधिक कॉफी लागते. आणि एखाद्या दिवशी कॉफी मिळालीच नाही, तर त्या सगळ्या पाटांवर अडेनोसिन एकदम येऊन बसते. शिवाय, कॅफिनमुळे आकुंचन पावलेल्या मेंदूतील रक्तवाहिन्या रुंदावतात. डोके ठणकते, मळमळते, चिडचिड होते, कशात लक्ष लागत नाही. हा त्रास शेवटच्या पेल्यानंतर साधारण बारा ते चोवीस तासांत सुरू होतो आणि एक-दोन दिवसांत शिगेला पोहोचतो.

बारा ते चोवीस तास हे शब्द कृपया लक्षात ठेवावेत. सूर्यास्तापूर्वी जेवून, वर एक पेला कॉफी घेऊन आपण किप्पुरचा उपवास धरतो. बारा तासांनी पहाट होते. चोवीस तासांनी नेईला येते.

१९९६ च्या पावसाळ्यात माझी आई वारली. मला रजा मिळाली ती दफन झाल्यानंतर. त्या वर्षीचा किप्पुर सप्टेंबरमध्ये आला. आज अबू धाबीत सादियात बेटावर २०२३ पासून मोझेस बेन मायमन सिनेगॉग उभे आहे. त्या काळी तसे काहीच नव्हते. मी एका सहकारी परिचारिकेशी पाळी बदलून घेतली आणि खोलीचे दार लावून एकटीने प्रार्थना केली. आईची आठवण करून नेईला पूर्ण करायची, एवढा एकच संकल्प होता. मिन्हाच्या वेळेपासून कपाळावर घण पडू लागले. अक्षरे दिसेनाशी झाली, उलट्या झाल्या, आणि शेवटची पाने वाचायची राहून मी ओल्या पंचाने डोळे झाकून अंधारात पडून राहिले. तसे पाहता अनेक वर्षे मला किप्पुरला थोडेफार असे होतच असे. आई म्हणायची, उपवास म्हटला की डोके दुखायचेच. मीही तेच मानले होते. त्या वर्षी मात्र मला वाटले की माझ्या प्रार्थनेतच काही उणे आहे.

पुढच्या जानेवारीत मुसलमान बांधवांचा रमजान सुरू झाला. आपल्या जुन्या पिढीत एलुल महिन्यालाही रमजानच म्हणत, हे येथील वडीलधाऱ्यांना ठाऊक असेल. रमजानच्या पहिल्या तीन-चार दिवसांत दुपार उलटली की दवाखान्यापुढे डोकेदुखीवाल्यांची रांग लागे. मी दरवर्षी ती पाहत आले होते आणि मनाशी म्हणत आले होते, उन्हाचा त्रास. पण हा तर जानेवारी होता, अंगावर स्वेटर घालून आम्ही काम करत होतो. आमचे डॉक्टर मल्याळी होते. ते प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत : एरवी दिवसाला चहा किती? कोणी आठ सांगे, कोणी दहा. रोजा सुटल्यावर एक चहा घेतला की यांची डोकी उतरतात, असे डॉक्टर म्हणाले, आणि पुढचा कागद ओढला. तेव्हा मला उमगले की हीच माणसे एरवी साधी पॅरासिटामॉल नाकारून पॅनाडॉल एक्स्ट्राच का मागतात. त्या गोळीत पॅरासिटामॉलच्या जोडीला ६५ मिलिग्रॅम कॅफिन असते. आपल्याकडच्या सॅरिडॉनमध्येही ते आहेच.

त्या रात्री मी माझे मग मोजले. पाच झाले. एका चमचाभर इन्स्टंट कॉफीत सुमारे ६० मिलिग्रॅम कॅफिन धरले, तर दोन चमच्यांच्या पाच मगांचे ६०० मिलिग्रॅम होते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये निरोगी प्रौढासाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंतचे कॅफिन सुरक्षित मानले आहे. दुसऱ्यांच्या नाडीवर बोट ठेवणारी मी, स्वतःच्या पेल्याकडे वीस वर्षे पाहिले नव्हते.

पुढच्या वर्षी नव्याच्या सणापासून किप्पुरपर्यंतच्या दहा दिवसांत मी कॉफी उतरवत आणली. दर दोन दिवसांनी एक मग कमी केला, शेवटी अर्ध्या चमच्याचा एक मग राहिला. १९९७ च्या किप्पुरला डोके अजिबात दुखले नाही असे मी सांगणार नाही. दुखले, पण बेताने; आणि मी शेवटचे पान वाचून पुस्तक मिटले. आईची हश्काबा एक वर्ष उशिरा झाली.

एका बाईच्या अनुभवावरून सिद्धांत मांडू नये, हे मला समजते. इस्रायलमध्ये रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांची पाहणी करून १९९५ मध्ये किप्पुरच्या डोकेदुखीवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात उपवास करणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांचे डोके दुखले, न करणाऱ्यांपैकी फक्त ७ टक्क्यांचे. उपवासाचे तास वाढत गेले तशी डोकेदुखीही वाढत गेली. ज्यांना एरवीही डोकेदुखीची खोड आहे त्यांना त्रास अधिक झाला. तेव्हा सगळा दोष कॉफीवर टाकणे बरोबर नाही. पाणी नाही, अन्न नाही, झोप अपुरी, हेही आहेच. पण या साऱ्यांत आपल्याला आधीपासून बेत आखून टाळता येईल असे कारण कॉफीचेच आहे.

झोपेचा विषय निघाला म्हणून सांगते. घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मे अंगातून जायला सरासरी पाच तास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलेल्या पेल्याचा अर्धा वाटा रात्री अकरालाही रक्तात फिरत असतो. हे काम यकृत करते आणि प्रत्येकाचे यकृत आपल्या गतीने चालते. सिगारेट ओढणाऱ्यांत ते कॅफिन लवकर निकालात काढते. गर्भारपणी मात्र ते फार मंदावते, शेवटच्या महिन्यांत पंधरा तासांपर्यंत वेळ जातो, आणि कॅफिन नाळेतून बाळापर्यंत पोहोचते. म्हणून गरोदर स्त्रियांनी दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत राहावे. सुनांना हे सांगताना सासूबाईंनी चहाही त्या हिशेबात धरावा, कारण चहाच्या मोठ्या कपात ४० ते ५० मिलिग्रॅम असतेच. मुसफ्फाला रात्री ट्रेलर चालवणारी मुले एनर्जी ड्रिंकचे डबे रिचवत. अडीचशे मिलिलिटरच्या डब्यात सुमारे ८० मिलिग्रॅम कॅफिन आणि वर मूठभर साखर. पुढे २०१७ मध्ये अमिरातीने त्यांवर शंभर टक्के कर बसवला.

आपल्या घरांशी संबंध असलेली आणखी एक गोष्ट. मांसाहारानंतर आपण दूध घेत नाही, म्हणून पुष्कळ घरांत जेवणावर कोरी कॉफी किंवा कोरा चहा घेतात. धर्माच्या दृष्टीने ते निर्दोष आहे. रक्ताच्या दृष्टीने मात्र वेळ चुकते. जेवणाबरोबर घेतलेल्या एका पेला कॉफीने अन्नातील लोहाचे शोषण ३९ टक्क्यांनी घटले, चहाने ६४ टक्क्यांनी, असे १९८३ च्या एका प्रयोगात आढळले. जेवणानंतर तासाभराने घेतली तरी कॉफीने तेवढीच घट केली. जेवणाआधी तासभर घेतली तेव्हा मात्र काही बिघडले नाही. आपल्या मुलींच्या तपासणीत हिमोग्लोबिन कमी निघाले, की आपण बीट आणि खजुरावर भर देतो आणि ताटाशेजारचा पेला विसरतो. तो पेला जेवणाआधी घ्यावा, नाहीतर जेवणानंतर दोन तास थांबावे.

कोलेस्टेरॉल वाढलेल्यांनी उकळलेली, न गाळलेली कॉफी रोज घेऊ नये. तिच्यातील तेलकट अंश ते वाढवतो. कागदी गाळणीत तो अडकतो, स्टीलच्या फिल्टरमध्ये पुरता अडकत नाही. आणि कोणताही पेला चटका बसेल इतका कढत पिऊ नये. ६५ अंशांहून गरम पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारण होतात, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१६ मध्ये नोंदवले, आणि त्याच वेळी कॉफीवरचा जुना संशय काढून टाकला. म्हणजे कॉफी सुटली, कढतपणा अडकला.

आता नव्याचा सण जवळ आला आहे. जे दिवसाला तीनपेक्षा अधिक पेले घेतात, त्यांनी त्या दिवसापासून दर दोन दिवसांनी एक पेला कमी करावा. एकदम बंद करू नये, नाहीतर जी डोकेदुखी किप्पुरला यायची ती आठवडाभर आधी येईल. शेवटच्या जेवणात खारट कमी आणि पाणी भरपूर असावे. उपवास सोडताना आधी पाणी, मग थोडे अन्न आणि नंतर कॉफी. मधुमेह, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी, तसेच गरोदर भगिनींनी, उपवास धरण्याआधी डॉक्टरांना विचारावे. जीव वाचवणे उपवासाहून मोठे, ही आपल्या धर्माचीच आज्ञा आहे, दवाखान्याची सवलत नव्हे.

कोणाला काही विचारायचे असल्यास मी येथेच बसले आहे. मागच्या टेबलावर मंडळाने थर्मास ठेवले आहेत. डावीकडच्या थर्मासातील कॉफी आज मीच केली असून तिच्यात पावडर निम्मी घातली आहे. चव पाहून मला खरे काय ते सांगावे.