आविला येथील चार दिवस
(सुवर्णमहोत्सवी कुटुंबमेळ्यांत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



या महोत्सवी वर्षांत युरोपची यात्रा काढावी, असा विषय गेले कांहीं महिने आपल्या धर्मग्रामांत चालला आहे. त्यासंबंधींचें एक पत्रकही मंडळींनीं माझ्या हातीं दिलें आहे. त्यांत १३ दिवसांत सहा देश आणि १९ गांवें आहेत. एका गांवीं तर न्याहारीनंतर पोहोंचून दुपारच्या भोजनापूर्वींच निघावयाचें आहे. मी या पत्रकाच्या विरुद्ध बोलणार आहें, हें आरंभींच सांगून टाकतों. परंतु नुसता वाद घालण्यापेक्षां आपल्यांतीलच एका कुटुंबाची हकीकत सांगणें बरें. त्यांची परवानगी मीं घेतली आहे. नांव सांगणार नाहीं. तुमच्यापैकीं निम्म्यांनीं तें एव्हांना ओळखलें असेल, त्यास माझा इलाज नाहीं.

कुटुंब पांच माणसांचें. बाप आखातांत नोकरीस, वर्षांतून एक महिना घरीं. आई इस्पितळांत परिचारिका. पंधरा वर्षांचा मुलगा, नऊ वर्षांची मुलगी, आणि शहात्तर वर्षांच्या आजी, ज्यांचे गुडघे जिना पाहतांच कुरकुर करूं लागतात. गेल्या ऑक्टोबरांत बापानें आपल्या रजेंतून सर्वांस स्पेन देशीं नेण्याचें ठरविलें. आजी म्हणाल्या, “मला एकच गांव दाखव, पण नीट दाखव.” तेव्हां त्यांनीं संत तेरेजेचें आविला निवडलें आणि तेथें चार दिवस मुक्काम केला.

आविला हें माद्रिदच्या वायव्येस सुमारें ११० किलोमीटरांवर आहे. आगगाडीनें दीड ते दोन तास लागतात. गांव समुद्रसपाटीपासून १,१३० मीटर उंचावर वसलेलें असून स्पेनमधील प्रांतांच्या राजधान्यांत याहून उंच दुसरी नाहीं. खालीं आदाखा नदी, वर खडकाळ टेकडी, आणि टेकडीभोंवतीं अकराव्या-बाराव्या शतकांत बांधलेला अडीच किलोमीटर लांबीचा दगडी तट. तटाची उंची सुमारें १२ मीटर, वेशी नऊ आणि बुरूज ऐंशींहून अधिक. आपण वसईकर तट पाहतच वाढलों आहों. परंतु आपल्या किल्ल्याच्या तटाआंत आज भग्न मंदिरें उभीं आहेत, त्यांस छपराच्या जागीं आकाश आहे. आविलाच्या तटाआंत संसार चालू आहे. मंदिरांत मिस्सा होते, दुकानें उघडतात, खिडक्यांवर कपडे वाळतात. तेथील कॅथेड्रलचा मागील भाग म्हणजे खुद्द तटाचाच एक बुरूज. आंतून वेदीची पाठ, बाहेरून किल्ल्याची छाती! मुलास हें इतकें आवडलें कीं त्यानें तीन वेळां आंतबाहेर करून खात्री करून घेतली.

त्यांचा दिनक्रम अगदीं साधा होता. सकाळीं मिस्सा आणि एकच स्थळ, दुपारीं विसांवा, सायंकाळीं फेरफटका. पहिल्या दिवशीं तीं योहान बाप्तिस्त्याच्या मंदिरांत गेलीं. तेथील कुंडापाशीं ४ एप्रिल १५१५ रोजीं लहानग्या तेरेजेचा बाप्तिस्मा झाला होता, जन्मापासून आठव्या दिवशीं. मिस्सा स्पॅनिश भाषेंत. आजींस शब्द कळला नाहीं, पण क्रम तोच, त्यामुळें कोठें उठावें, कोठें गुडघे टेकावे (टेकवतील तेवढे) हें त्यांस कोणी सांगावें लागलें नाहीं. पुढें मिस्सेनंतर त्यांनीं तेथील धर्मगुरूंस सरळ ‘पाद्री’ म्हणून हांक मारली आणि ते लगेच वळले. जेवणांत उकडून कुस्करलेला बटाटा तांबड्या मिरचीची पूड घालून आला. त्याचें तेथील नांव ‘पाताता’. आजींस वाटलें, आपण फारसें दूर आलेलेंच नाहीं.

दुपारीं दोन ते पांच गांव झोंपतें. दुकानें बंद, रस्ते ओस. धाकटीनें विचारलें, “आज संप आहे का?” पहिल्या दिवशीं बापही अस्वस्थ झाला, रजेचा एकएक तास मोजून घेतलेला माणूस तो. दुसऱ्या दिवशीं तो मुलाशीं पत्ते खेळला. ही गोष्ट तुम्हांस क्षुल्लक वाटेल. त्यानें मला सांगितलें कीं चार वर्षांत त्या दोघांनीं इतका वेळ एका खोलींत घालविला नव्हता.

तिसऱ्या दिवशीं तीं संत योसेफाच्या मठांत गेलीं. २४ ऑगस्ट १५६२ रोजीं तेरेजेनें सुरू केलेल्या सुधारणेचा हा पहिला मठ. आजी बांकावर बसल्या व सुनेनें पुस्तिकेंतून वाचून दाखविण्यास आरंभ केला. घर लहान, पैसा नाहीं, कामगारांस द्यावयास कांहीं उरलें नाहीं, अशा वेळीं तेरेजेचा भाऊ लोरेन्सो याजकडून रक्कम आली. कोठून? दक्षिण अमेरिकेंतील किटो या नगरांतून! तेरेजेचे बहुतेक भाऊ पोटासाठीं व कीर्तीसाठीं समुद्रापलीकडे गेले होते. बाप उभा होता तो खालीं बसला आणि म्हणाला, “पुन्हां वाच.”

बंधुभगिनींनो, आपल्या धर्मग्रामांत असें घर विरळा आहे, जेथें परदेशांतून आलेल्या पैशानें एखादी भिंत उभी राहिली नाहीं. या मंदिराच्या नव्या छपरांतही त्या पैशाचा वांटा आहे. त्या पैशाबरोबर घरांतून काय जातें, हें मात्र आपण हिशेबवहींत मांडीत नाहीं.

त्याच सायंकाळीं तीं नदीपलीकडे ‘चार स्तंभ’ या स्थळीं गेलीं; आजींसाठीं भाड्याची मोटार केली. चार दगडी खांब, मध्यें क्रूस, आणि समोर मावळत्या उन्हांत सबंध तट. परंपरा अशी कीं सुमारें सात वर्षांची तेरेजा आणि तिचा भाऊ रोद्रिगो धर्मासाठीं मरण पत्करावें म्हणून मूर लोकांच्या देशास पळून निघालीं, तेव्हां चुलत्यानें त्यांस येथें गांठून घरीं परत नेलें. हा रोद्रिगो पुढें १५३५ मध्यें, ज्या वर्षीं तेरेजेनें एन्कार्नासिओन मठांत प्रवेश केला त्याच वर्षीं, अमेरिकेस गेला आणि पुन्हां आला नाहीं. लोरेन्सो आला, पण १५७५ मध्यें. मुलानें विचारलें, “म्हणजे किती वर्षांनीं?” बाप म्हणाला, “तीस वर्षांहून जास्त.” मुलगा कांहीं वेळ तटाकडे पाहत राहिला, मग म्हणाला, “आणि तुम्ही, पप्पा?”

बापानें काय उत्तर दिलें तें त्यानें मला सांगितलें नाहीं व मींही विचारलें नाहीं. इतकें ठाऊक आहे कीं त्या रात्रीं तीं सर्व जेवणानंतर फार उशीरापर्यंत चौकांत बसलीं होतीं.

एकोणीस गांवांच्या यात्रेंत हेंच स्थळ त्यांना दहा मिनिटें दिसलें असतें आणि त्यांतील पांच मिनिटें माणसें मोजण्यांत गेलीं असतीं. कोणी म्हणेल, इतका खर्च करून एकच गांव पाहावयाचें? पण खुद्द तेरेजेनेंही फार प्रवास केला; झांकलेल्या गाड्यांतून, वाईट रस्त्यांनीं, सतरा मठ स्थापीत. तिची अखेरही प्रवासांतच, आल्बा दे तोर्मेस येथें, ४ ऑक्टोबर १५८२ च्या रात्रीं आली. त्याच रात्रीं पोप ग्रेगोरी तेरावे यांचें नवें पंचांग लागू झालें आणि दुसरा दिवस १५ ऑक्टोबर म्हणून उजाडला. मधले दहा दिवस कोठें गेले, हा प्रश्न धाकटी अजून मला दर रविवारीं विचारते.

आतां माझी सूचना. आपल्या यात्रेनें आविला येथें चार दिवस राहावें, आणि पांचवा दिवस त्याच प्रांतांतील सान एस्तेबान देल व्हाये या खेड्यास द्यावा. या कुटुंबास तेथें जाणें जमलें नाहीं. १५४२ सालीं त्या डोंगराळ खेड्यांत संत पेद्रो बाप्तिस्ता यांचा जन्म झाला. १५९३ मध्यें ते मनिलाहून जपानांत गेले, तेव्हां त्यांचा दुभाषी आपल्या वसईचा गोन्सालो गार्सिया होता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकीच्या टेकडीवर दोघेही क्रूसावर मरण पावले, आणि १८६२ मध्यें दोघांसही एकत्र संतपद मिळालें. वसईच्या माणसानें त्या खेड्यांत जाऊन एक मिस्सा ऐकावी, यासाठीं इतर पांच देश गाळावे लागले तरी मला खंत नाहीं.

ज्यांस हें पटेल त्यांनीं पुढील रविवारपर्यंत नांवें द्यावींत. वृद्धांनीं संकोच करूं नये. जेथें चढ असेल तेथें मोटार करूं. ऑक्टोबरांत तेथें रात्रीं चांगलीच थंडी पडते, तेव्हां शाली घ्याव्यात. अंड्याच्या बलकाची व साखरेची एक मिठाई तेथें संत तेरेजेच्या नांवानें मिळते. आजींनीं माझ्यासाठीं एक डबी आणली होती. फार गोड आहे, दोनांहून अधिक खाववत नाहींत.